बरोबरीची शर्यत

दरवर्षी 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या आगेमागे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडा स्पर्धा भरतात. परभणीतही भरतात. जिंतूर, गंगाखेड, सेलू, पाथरी, पूर्णा अशा तालुक्यांतून विशेष शाळांची मुलं येतात. मैदानावर फक्की मारून पट्टे आखलेले असतात, मांडव असतो, पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं. मग अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असे प्रवर्ग एकेक करून पुकारले जातात. या प्रवर्गांत शर्यत कशी घ्यायची याचे ठोकताळे शिक्षकांना पाठ असतात. खरी कसोटी लागते ती पुढच्या प्रवर्गात. कागदोपत्री अजूनही बऱ्याच ठिकाणी ज्याला ‘मतिमंद’ लिहितात आणि आजचा कायदा ज्याला बौद्धिक दिव्यांग म्हणतो, तो हा प्रवर्ग.

कुठल्याही जिल्ह्यातली अशी एखादी शर्यत डोळ्यांसमोर आणा. रेषेवर आठ मुलं उभी आहेत. त्यातला एक शेतात बापाबरोबर राबलेला, काटक, एकट्याने एसटीत बसून आजोळी जाणारा. दुसऱ्याला डाऊन सिंड्रोम आहे. पावलं आखूड, स्नायू ढिले, पण उत्साह दांडगा. तिसऱ्याला शिट्टीचा आवाज सोसत नाही, तो कान झाकून उभा आहे. चौथी मुलगी पहिल्यांदाच गावाबाहेर आली आहे आणि तिचं सगळं लक्ष आपल्या बाईंकडे आहे. शिट्टी वाजते. काटक मुलगा बघता बघता पलीकडे पोहोचतो, दुसरा अजून अर्ध्यात असतो, मुलगी बाईंकडे धावत सुटते. लोक टाळ्या वाजवतात, सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळतात. टाळ्या मनापासूनच्या असतात. पण शर्यत काही झालेली नसते. जिंकणाऱ्याला त्याच्या तोडीचं कुणी भेटलं नाही आणि बाकीच्यांना धड हरायचीही संधी मिळाली नाही.

या मुलांचीही खरी, चुरशीची, हारजीत असलेली शर्यत घेता येते. ती कशी घ्यायची याची रीत गेल्या साठेक वर्षांत पक्की झाली आहे आणि ती अवघड नाही. घड्याळ, वही आणि थोडी आधीची तयारी एवढ्यावर तालुक्याच्या गावातही ती जमते.

आधी प्रवर्ग नीट समजून घेऊ. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मनोविकार नव्हे. मनोविकार कुठल्याही वयात होऊ शकतो आणि उपचाराने आटोक्यात येतो. बौद्धिक दिव्यांगत्व वाढीच्या वयातच दिसतं आणि आयुष्यभर सोबत राहतं. बुद्ध्यंक साधारण 70 च्या खाली असणं ही त्याची एक बाजू. रोजच्या व्यवहारात, म्हणजे बोलणं, पैसे मोजणं, वेळ समजणं, रस्ता ओलांडणं, कपडे घालणं यांत अडचण येणं ही दुसरी. दोन्ही बाजू असल्या तरच निदान होतं. कारणं अनेक: गुणसूत्रांतले फरक, बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणं, लहानपणी झालेला मेंदूज्वर, आईच्या आहारातली आयोडीनची कमतरता. कित्येकदा कारण सापडतही नाही. 2011 च्या जनगणनेत देशात अशा सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली.

सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे याचे चार स्तर मानतात आणि दाखल्यावर त्यानुसार टक्केवारी येते. स्पर्धा घेणारे इथेच फसतात. दाखल्यावरचे टक्के पाहून गट पाडले की काम झालं, असं त्यांना वाटतं. पण दाखला बुद्धीची मोजणी सांगतो, पायांची नाही. सौम्य स्तरातला एखादा मुलगा स्थूल असतो आणि दहा पावलांत धापा टाकतो. तीव्र स्तरातला एखादा हरणासारखा पळतो, फक्त कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. दोघांना दाखल्यावरून वेगळं काढलं तरी दोघांचीही बरोबरी कुणाशी हे ठरत नाहीच.

स्पेशल ऑलिम्पिक्स या जागतिक चळवळीने यावर काढलेला तोडगा साधा आहे. दाखला बाजूला ठेवायचा आणि आधी प्रत्येकाची कामगिरी मोजायची. स्त्री-पुरुष वेगळे, मग वयाचे गट: 8 ते 11, 12 ते 15, 16 ते 21, 22 ते 29 आणि 30 च्या पुढे. त्यानंतर प्राथमिक फेरी. त्या फेरीतल्या वेळेनुसार किंवा अंतरानुसार मुलांना उतरत्या क्रमाने लावून घ्यायचं आणि जवळजवळच्या वेळा असलेल्यांची एकेक तुकडी पाडायची. एका तुकडीत कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 8 जण. तुकडीतल्या सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू खेळाडूत साधारण 15 टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा प्रयत्न असतो. कुस्तीत 57 किलोच्या मल्लाला 97 किलोच्या मल्लापुढे उभं करत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. इथे वजनाऐवजी वेळ.

उदाहरणच घेऊ. 12 ते 15 वयोगटातली अकरा मुलं 100 मीटर धावली. प्राथमिक फेरीतल्या वेळा सेकंदांत अशा आल्या: 17.2, 17.9, 18.8, 19.4, मग एकदम 23.1, 24.6, 25.3, 26.0; आणि शेवटी 33, 35, 37. आकडे कागदावर मांडले की तुकड्या आपोआप दिसतात. पहिल्या चौघांची एक शर्यत, मधल्या चौघांची दुसरी, शेवटच्या तिघांची तिसरी. तिन्ही शर्यतींना सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. आता 33 सेकंदवाल्याच्या कानाशी 35 सेकंदवाल्याचा श्वास ऐकू येतो. मागे वळून पाहिलं की कोण आलं ते दिसतं. जोर लावला तर पुढे जाता येतं आणि नाही लावला तर मागे पडायला होतं. यालाच स्पर्धा म्हणतात. बघणाऱ्यालाही टाळी वाजवताना दया दाखवावी लागत नाही, कारण शेवटच्या दहा मीटरला कोण जिंकणार हे त्यालाही माहीत नसतं.

या रीतीत लबाडीला वाव आहे, हे चलाख वाचकाच्या लक्षात आलं असेल. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावायचं, खालच्या तुकडीत जाऊन बसायचं आणि अंतिम फेरीत सुसाट सुटायचं. हे मुलाच्या डोक्यातून निघतंच असं नाही. कधी प्रशिक्षकाच्या, कधी पालकाच्या डोक्यातून निघतं. त्यासाठी नियम आहे. अंतिम फेरीतली कामगिरी प्राथमिक फेरीपेक्षा ठरावीक प्रमाणाहून जास्त सुधारली, तर खेळाडू बाद. ही मर्यादा बराच काळ 15 टक्के धरली गेली. म्हणजे प्राथमिक फेरीत 25 सेकंद घेणारा अंतिम फेरीत 21.25 सेकंदांपेक्षा कमी वेळात पोहोचला तर पदक हुकलं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. यांच्याकडूनही प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवता येते, आणि यांनी नियम मोडला तर शिक्षाही होऊ शकते, हे तो गृहीत धरतो. ज्याला कधीच कुणी दोषी धरत नाही, त्याला खेळाडू मानलेलंच नसतं.

हे सगळं सुरू झालं एका कुटुंबाच्या दुखऱ्या जागेतून आणि एका संशोधकाच्या हट्टातून. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. 1941 मध्ये, तिच्या 23 व्या वर्षी, वडिलांच्या संमतीने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि होतं नव्हतं तेही गेलं. पुढचं आयुष्य तिने घरापासून दूर, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका संस्थेत काढलं. तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिने 1962 च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. त्याच सुमारास कॅनडात टोरंटोमध्ये फ्रँक हेडन या क्रीडा संशोधकाने बौद्धिक दिव्यांग मुलांची शारीरिक क्षमता मोजली होती. ती इतर मुलांच्या निम्म्यावर होती. बुद्धीचा दोष शरीरातही उतरतो, अशीच तेव्हाची समजूत. हेडन यांनी त्या मुलांकडून नियमित व्यायाम करून घेतला आणि क्षमता वाढली. मुलं दुबळी होती ती बुद्धीमुळे नव्हे. त्यांना कुणी कधी खेळूच दिलं नव्हतं.

या दोन धाग्यांतून पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, 20 जुलै 1968 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर. अमेरिकेतली 26 राज्यं आणि कॅनडा इथून सुमारे हजार खेळाडू आले. 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या चळवळीला मान्यता दिली आणि ‘ऑलिम्पिक्स’ हे नाव वापरण्याची मुभाही. अमेरिकेबाहेर पहिली उन्हाळी जागतिक स्पर्धा झाली ती 2003 मध्ये, डब्लिनला. भारतात हे काम 1987 पासून सुरू आहे. 2001 पासून ते स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या नोंदणीकृत संस्थेमार्फत चालतं. 2019 ला अबुधाबीत भारतीय खेळाडूंनी 368 पदकं मिळवली, 2023 ला बर्लिनमध्ये 202. तुकडीगणिक पदकं असल्यामुळे हे आकडे मोठे दिसतात आणि ऑलिम्पिकच्या पदकतक्त्याशी त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक पदकामागे बरोबरीची एक शर्यत असते, हे विसरू नये.

आता मैदानावर या. बौद्धिक दिव्यांग मुलाला धावायला शिकवणं म्हणजे काय, हे विशेष शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक नाही. पळणं मुलाला येतंच. शिकवावं लागतं ते पळण्याभोवतीचं सगळं. पट्ट्यातून धावणं ही तशी अमूर्त गोष्ट आहे. जमिनीवरच्या दोन पांढऱ्या रेषांच्या मधेच राहायचं, याचं कारण डोळ्यांना कुठेच दिसत नाही. म्हणून सुरुवातीला रेषांवर दोऱ्या बांधतात किंवा शंकू ठेवतात, आणि मूल सरावलं की एकेक शंकू काढून घेतात. सुटण्याचा इशाराही शिकवावा लागतो. बंदुकीच्या आवाजाने दचकून खाली बसणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी आधी टाळी, मग शिट्टी, मग मोठा आवाज अशा पायऱ्या चढाव्या लागतात. जो शब्द घरच्या मैदानात वापरला तोच स्पर्धेत वापरला गेला पाहिजे. सरावात ‘चला, पळा’ म्हणायचं आणि स्पर्धेत ‘ऑन युअर मार्क’, असं झालं की मूल जागचं हलत नाही, आणि लोक म्हणतात त्याला समजत नाही.

सगळ्यात मजेची आणि सगळ्यात अवघड गोष्ट शेवटच्या रेषेची. ‘रेषेपर्यंत पळ’ असं सांगितलं की मूल अगदी रेषेपर्यंत पळतं. म्हणजे दोन-तीन मीटर आधीच वेग कमी करतं आणि रेषेवर शहाण्यासारखं उभं राहतं. सूचना त्याने तंतोतंत पाळलेली असते. म्हणून जाणता शिक्षक रेषेचं नावच काढत नाही. तो रेषेच्या दहाएक मीटर पलीकडे जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, माझ्यापर्यंत ये. पूर्वी स्पर्धेत अंतिम रेषेवर मुलांना मिठीत घ्यायला स्वयंसेवक उभे करायची प्रथा होती. पुढे ती मागे पडली, आणि बरं झालं. पंचवीस वर्षांच्या धावपटूला शर्यत संपल्यावर पाणी हवं असतं, आपली वेळ ऐकायची असते. अनोळखी माणसाची मिठी त्याला हवीच असते असं नाही.

प्रत्येकाला 100 मीटर झेपत नाही, आणि झेपलीच पाहिजे असंही नाही. म्हणून 25 मीटर चालण्याची स्पर्धा आहे, 50 मीटर धावणं आहे, जागेवरून लांब उडी आहे, सॉफ्टबॉल फेक आहे, गोळाफेक आहे. ज्यांचं शारीरिक अपंगत्वही मोठं आहे त्यांच्यासाठी चेंडू उचलून टोपलीत टाकणं, खुर्चीतून चेंडू ढकलणं अशा हालचालींचे वेगळे प्रशिक्षण कार्यक्रम आहेत. आणि बोची आहे. हा इटलीकडचा खेळ आपल्याकडच्या विशेष शाळांत चांगला रुजला आहे. सुमारे 18 मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून थोडी जास्त रुंद अशी सपाट पट्टी लागते. आधी एक लहान चेंडू पुढे टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी आपापले चार मोठे चेंडू त्या लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ जातील असे घरंगळवायचे. समोरच्याचा चेंडू टोलवून दूरही घालवता येतो. गोट्या खेळलेल्या मुलाला यातलं निम्मं आधीच येत असतं. पळता न येणारं, वजन जास्त असलेलं, चाळिशीचं कुणीही यात मुरू शकतं, आणि नेम, जोर आणि पुढची खेळी यांचा कस लागतो. मराठवाड्यातल्या गावात सपाट मातीच्या पट्टीची वानवा नाही. लाकडी फळ्यांची कड केली की मैदान तयार. परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक विशेष शाळेत धावण्याआधी बोची सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तब्येतीच्या काही गोष्टी पालकांनी आणि शिक्षकांनी मैदानावर जाण्याआधीच पाहायच्या असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. तो तपासलेला आहे का, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे का, हे लेखी हवं. त्यांच्यातल्या काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायांत बळ कमी वाटणं, लघवीवरचा ताबा अचानक जाणं अशी लक्षणं दिसली तर खेळ थांबवून आधी डॉक्टरांकडे जायचं. कोलांटउडी, सूर मारणं, उंच उडी असे मानेवर भार येणारे प्रकार अशा मुलाला देऊच नयेत. बौद्धिक दिव्यांगांमध्ये फिटचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, तेव्हा स्पर्धेच्या दिवशी गडबडीत गोळी चुकता कामा नये. आणि परभणीचं ऊन. इथे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, आणि तहान लागली, चक्कर येते आहे हे प्रत्येक मुलाला सांगता येत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजायचं, मागितलं नाही तरी. सराव सकाळी लवकर. स्पेशल ऑलिम्पिक्सने 1997 पासून स्पर्धांच्या ठिकाणी डोळे, दात, कान, पाय यांची मोफत तपासणी सुरू केली, त्यामागचं कारण हेच आहे. वर्षानुवर्षं चष्म्याची गरज असलेली मुलं बिनचष्म्याची धावत असतात आणि पडली की दोष बुद्धीला लागतो.

इथवर झाली ती सगळ्यांसाठी खुली असलेली वाट. दुसरी वाट अरुंद आणि चढणीची आहे, पॅरालिम्पिकची. तिथे तुकड्या पडत नाहीत. जगातल्या सर्वोत्तम बौद्धिक दिव्यांग खेळाडूंतून एकच सुवर्ण. बुद्ध्यंक 75 किंवा त्याखाली आहे, दैनंदिन व्यवहारात मर्यादा आहेत आणि हे वाढीच्या वयातच सुरू झालं आहे, हे कागदपत्रांनी सिद्ध करावं लागतं. शिवाय त्या दिव्यांगत्वाचा त्या विशिष्ट खेळावर परिणाम होतो का, याची चाचणी होते. ही काटेकोर छाननी एका फसवणुकीमुळे आली. 2000 च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बौद्धिक दिव्यांग बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. नंतर उघडकीला आलं की 12 पैकी 10 खेळाडूंना कसलंही दिव्यांगत्व नव्हतं. संघात घुसलेल्या एका पत्रकारानेच हे बाहेर काढलं. शिक्षा मात्र जगभरातल्या खऱ्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना झाली. अख्खा प्रवर्गच बंद झाला. अथेन्स गेलं, बीजिंग गेलं. 2012 ला लंडनमध्ये दारं पुन्हा उघडली, तीही धावणे-फेक-उडी, पोहणे आणि टेबल टेनिस एवढ्यापुरती. बास्केटबॉल परत आलेलं नाही.

मैदानी खेळांतल्या या वर्गाला टी-20 म्हणतात. त्यात 400 आणि 1500 मीटर धावणं आणि लांब उडी आहे. गोळाफेकीच्या वर्गाला एफ-20 म्हणतात. 100 मीटर नाही. सरळ रेषेत जीव तोडून पळताना डोकं फारसं चालवावं लागत नाही. 400 मीटरमध्ये मात्र पहिल्या वळणावर किती दम राखायचा, शेवटच्या सरळ रेषेसाठी किती शिल्लक ठेवायचा, हा हिशोब पळता पळता करावा लागतो. बौद्धिक दिव्यांगत्वाचा परिणाम नेमका या हिशोबावर होतो.

हा हिशोब जमवलेली एक मुलगी आपल्या शेजारचीच आहे. दीप्ती जीवनजी, तेलंगणातल्या वारंगळ भागातल्या कल्लेडा गावची. परभणीच्या स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेस धरली की सिकंदराबाद येतं, आणि तिथून वारंगळ काही फार लांब नाही. 1956 पर्यंत आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. दीप्तीचे आईवडील मजुरी करणारे. ती लहान असताना गावात तिची टिंगल व्हायची, तिला वेड्यात काढायचे. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या नजरेला तिचा वेग पडला. पुढे प्रशिक्षक नागापुरी रमेश यांनी तिला हैदराबादला आणलं. ती धडधाकट मुलींबरोबरच धावत होती. तिची तपासणी सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत झाली आणि टी-20 ची वाट मोकळी झाली. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण. मे 2024 मध्ये जपानात कोबे इथे जागतिक अजिंक्यपद, 400 मीटर 55.07 सेकंदांत, त्या वेळचा जागतिक विक्रम. आणि त्याच वर्षी 3 सप्टेंबरला पॅरिसमध्ये 55.82 सेकंदांची वेळ आणि कांस्यपदक. बौद्धिक दिव्यांग प्रवर्गात भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. घरच्यांना पोटासाठी विकावी लागलेली जमीन तिच्या बक्षिसाच्या पैशांतून परत आली.

दीप्तीचं उदाहरण सांगताना मला एक भीती वाटते. ते ऐकून पालक आपल्या मुलाकडे बघतात आणि एकतर त्याच्यावर पदकाचं ओझं टाकतात, नाहीतर ‘आपल्याच्याने कुठलं व्हायला’ म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. टी-20 पर्यंत पोहोचणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. पण ती सापडणार कशी? एका क्रीडाशिक्षकाने घड्याळ लावून पाहिलं म्हणून दीप्ती सापडली. ज्या मुलांची वेळच कधी मोजली गेली नाही, त्यांच्यात कोण होतं हे कधीच कळणार नाही.

खरी गळती होते ती अठराव्या वर्षानंतर. विशेष शाळा संपते. कार्यशाळा प्रत्येक तालुक्यात नाही. मुलगा घरी बसतो, मोबाइल आणि दूरदर्शन एवढंच त्याचं जग होतं, वजन वाढतं, चिडचिड वाढते. मुलीचं तर अंगणाबाहेर पडणंच बंद होतं. आईबापाची काळजी मी समजू शकतो. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळायला 8 वर्षं पूर्ण लागतात, पण वयाची वरची मर्यादा नाही. पन्नाशीतला माणूसही बोची खेळू शकतो, पदक मिळवू शकतो. आपल्याकडची स्पर्धा मात्र बहुतेक शाळेच्या हजेरीपटाला बांधलेली आहे. जो पटावर नाही तो मैदानावरही नाही.

यावर एक मार्ग आहे, एकत्रित संघांचा. फुटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन दुहेरी यांत निम्मे खेळाडू बौद्धिक दिव्यांग आणि निम्मे साधारण त्याच वयाचे, त्याच कौशल्याचे इतर खेळाडू, असे संघ करतात. इथेही अट बरोबरीचीच. जिल्हा पातळीवरचा पटाईत फॉरवर्ड आणून त्यालाच सगळे गोल मारू दिले तर ते चालत नाही. गावातल्या तरुण मंडळांनी हे मनावर घेतलं तर विशेष शाळेची वाट पाहायची गरज उरत नाही. पालम किंवा सोनपेठच्या मैदानात रोज संध्याकाळी व्हॉलीबॉलची जाळी लागते. जाळीच्या बाजूला बसून बघणारा, चेंडू आणून देणारा एक ‘भोळा’ मुलगा बहुतेक गावांत असतोच. त्याला जाळीपाशी घ्यायला किती वेळ लागतो?

परभणीला धावण्याचं वावडं नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते याच मातीतली. पहाटे रस्त्यावर, मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पोरी पळताना दिसतात. घड्याळ लावणारे, वेळ मोजणारे, दम कसा राखायचा ते सांगणारे मार्गदर्शक इथे आहेत. त्यांच्यातल्या एकेकाने आठवड्यातल्या दोन सकाळी जवळच्या विशेष शाळेला दिल्या, तर विशेष शिक्षकाच्या हाताशी खेळ जाणणारा माणूस येईल. विशेष शिक्षक मुलाला ओळखतो, प्रशिक्षक खेळाला. दोघे एकत्र आल्याशिवाय धावपटू घडत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 30 वं कलम दिव्यांगांच्या क्रीडा सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं. ती सरकारने पार पाडावीच. पण घड्याळ लावायला शासन निर्णय लागत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. येत्या 3 डिसेंबरच्या आधी, नोव्हेंबरमध्येच एक दिवस काढा. तालुक्यातल्या प्रत्येक बौद्धिक दिव्यांग मुलाची वेळ मोजा, 25 मीटर चालण्याची का असेना. वहीत लिहा. मुख्य स्पर्धेत त्या वेळेनुसार तुकड्या पाडा, शर्यती वाढल्या तर वाढू द्या, भाषणं दोन कमी करा. आणि वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी 33 सेकंदवाला 30 वर आला का, हे त्याला आणि त्याच्या आईला सांगता आलं पाहिजे.

पालकांना एवढंच: मुलाचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढलेलं नसेल तर काढून घ्या, हृदय आणि मान तपासून घ्या, आणि वय अठराच्या पुढे गेलं असेल तरी जवळच्या विशेष शाळेत जाऊन विचारा की स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जिल्हा निवडीत नाव कसं घालायचं. पुढची उन्हाळी जागतिक स्पर्धा 2027 मध्ये चिलीची राजधानी सान्तियागो इथे आहे.